पटावरच्या तीस खाटा

बाँडच्या एका वर्षासाठी तालुक्याच्या गावी रुजू झालेल्या एमबीबीएस डॉक्टरला रुग्ण तपासायला नव्याने शिकवावे लागत नाही. ते शिक्षण त्याला वॉर्डात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली मिळालेले असते; हात चुकला तर सावरणारे कोणीतरी शेजारी उभे असते. पण पदभार घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या टेबलावर जे येते ते निराळेच असते. पावसाळ्यासाठी एएसव्हीच्या, म्हणजे सर्पदंशावरच्या इंजेक्शनच्या, किती कुप्यांचे मागणीपत्र पाठवायचे? रात्रपाळीला एकच सिस्टर उरली तर तिने प्रसूतिकक्ष सांभाळायचा की वॉर्ड? 108 ची गाडी साताऱ्याला गेलेली असताना दुसरी अडलेली बाळंतीण दारात आली तर काय करायचे? रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जे काही पैसे आहेत ते जनरेटरच्या डिझेलवर घालायचे की संपलेल्या औषधांच्या स्थानिक खरेदीवर? निदान चुकले तर रुग्णाचे जेवढे नुकसान होते तेवढेच यातला निर्णय चुकला तरी होते. तरीही हे निर्णय कसे घ्यायचे ते त्याला कोणी शिकवलेले नसते. ‘कामाला लागलात की आपोआप कळेल’ या एका वाक्यावर सगळे भागवले जाते. आरोग्ययंत्रणेच्या कामात राहून माझे मत नेमके याच वाक्याच्या विरोधात गेले आहे. ते आपोआप कळत नाही. ते कळावे म्हणून मुद्दाम मांडलेला सराव लागतो, आणि तो सराव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातल्या वडूजसारख्या ठिकाणी, तिथल्याच आकड्यांवर, तिथल्याच माणसांनी करायला हवा.

अनुभव हा मोठा गुरू आहे यात वाद नाही. पण अनुभवातून शिकायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: निर्णयाचा परिणाम लवकर दिसला पाहिजे आणि तो निर्णय घेणाऱ्यालाच दिसला पाहिजे. शस्त्रक्रियेत, प्रसूतीत, साध्या टाके घालण्यातही त्या जुळतात, म्हणून तिथे हात बसतो. साठा, पाळ्या, वाहने, खाटा यांच्या बाबतीत त्या जवळजवळ कधीच जुळत नाहीत. एप्रिलमध्ये केलेल्या कमी मागणीचा परिणाम जुलैत दिसतो, आणि तो दिसतो तो कुठल्या तरी वाडीवरच्या शेतकऱ्याला, जो तोवर 50 किलोमीटरवरच्या साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाच्या वाटेवर असतो. दरम्यान मागणीपत्रावर सही करणाऱ्याची बदली झालेली असते किंवा त्याचे बाँडचे वर्ष संपलेले असते. जुलैत खुर्चीवर असलेला माणूस वरच्या कार्यालयाला दोष देतो, वरचे कार्यालय खालच्या नोंदवहीला. धडा असतो, पण तो भलत्याच माणसाच्या पदरात पडतो. शिवाय काही प्रसंग एखाद्याच्या अख्ख्या नोकरीत एकदाच येतात. 25 जानेवारी 2005 ला याच सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यातल्या मांढरदेवी गडावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन 290 हून अधिक माणसे गेली. अशा दिवशी कोणाला आधी उचलायचे, कोणती गाडी कुठे पाठवायची, कोणत्या रुग्णालयाचा कोणता मजला रिकामा करायचा हे अनुभवाने शिकायचे म्हटले तर अनुभव येईपर्यंत शिकणाऱ्याची संधी संपलेली असते. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, औंधची यमाईची यात्रा आणि गोंदवल्याचा पुण्यतिथी उत्सव हे सगळे वडूजच्या आसपास, हिवाळ्याच्या थोड्या दिवसांत येते. तेव्हा गर्दीच्या दिवसाचा विचार आधी करून ठेवणे ही इथे चैन नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1960 च्या दशकात जे फॉरेस्टर यांच्या विचारातून एक पटावरचा सराव तयार झाला. ‘बिअर गेम’ या नावाने तो जगभर खेळला जातो. चौघे जण रांगेत बसतात: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाने खालून आलेली मागणी बघायची आणि वर मागणी नोंदवायची. माल यायला काही आठवडे लागतात आणि एकमेकांशी बोलायचे नाही. गिऱ्हाइकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला 4 पेट्या असते, पाचव्या आठवड्यात ती 8 होते आणि शेवटपर्यंत 8 च राहते. एवढाच बदल. पण तेवढ्याने आधी सगळीकडे तुटवडा पडतो, मग घाबरून जो तो दुप्पट-तिप्पट मागणी नोंदवतो आणि शेवटी मालाचे ढीग साचतात. जॉन स्टर्मन यांनी 1989 मध्ये अशा अनेक गटांच्या खेळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सरासरी खर्च शक्य असलेल्या किमान खर्चाच्या सुमारे दसपट निघाला. मला या अभ्यासातली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गिऱ्हाइकाची मागणी कशी होती असे खेळानंतर विचारले, तर बहुतेक खेळाडू ती खूप खाली-वर झाली असे सांगत. जी उलथापालथ त्यांनी स्वतःच्या मागणीपत्रांनी घडवली होती, तिचे खापर ते बाहेरच्या कोणावर तरी फोडत. तल्लख माणसेही असे करतात, कारण प्रत्येकाला साखळीचा आपापला तुकडाच दिसत असतो.

आता बिअरच्या पेटीच्या जागी एएसव्हीची कुपी ठेवू. साखळी अशी: प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्ह्याचे औषध भांडार, आणि वर राज्याची खरेदी. या शेवटच्या कडीतच गेल्या काही वर्षांत मोठे फेरबदल झाले. 2017 पासून खरेदी हाफकिनकडे गेली आणि 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करणारा कायदा झाला. म्हणजे माल किती आठवड्यांनी हातात पडेल याचा भरवसा तळातल्या माणसाला देता येत नाही. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला पहिला डोसच साधारण 10 कुप्यांचा लागतो, आणि गरज पडली तर तेवढाच पुन्हा. नोंदवहीत ‘शिल्लक 20’ असे दिसते तेव्हा वाचणाऱ्याला साठा असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो एका अवघड रुग्णाचा साठा आहे. समजा तालुक्यातल्या सहा केंद्रांनी प्रत्येकी 20 कुप्या कपाटात जपून ठेवल्या. तालुक्यात 120 कुप्या आहेत, आणि तरीही पेरणीच्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात एकापाठोपाठ तीन रुग्ण आले तर तिथला साठा संपतो. दुसरीकडे एखाद्या केंद्रातल्या कुप्या वापराविना मुदतबाह्य होतात. प्रत्येक केंद्राचा वैद्यकीय अधिकारी आपल्यापुरता अगदी शहाणपणाने वागलेला असतो. आपल्या दारात आलेला माणूस औषधावाचून परत जाऊ नये एवढीच त्याची इच्छा असते, आणि सहा शहाणपणांची बेरीज तुटवड्यात होते. सभेत कोणी कितीही तळमळीने सांगितले तरी ही गोष्ट पटत नाही. पटावर सहाही केंद्रांचे साठे उघडे मांडले, आणि रुग्णालयाचा चौकोन रिकामा असताना शेजारच्या चौकोनांत कुप्या पडून राहिलेल्या दिसल्या, की ती एका फेरीत पटते.

रुग्णालयाच्या आतल्या कारभारावरही असाच एक सराव आहे: ‘फ्रायडे नाइट ॲट द ईआर’. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेट गार्डनर यांनी तो अमेरिकेत तयार केला. एका पटाभोवती चौघे बसतात आणि तातडीचा विभाग, शस्त्रक्रिया, अतिदक्षता आणि त्याखालचा कक्ष असे चार विभाग सांभाळतात. 24 तासांचा दिवस तासातासाने पुढे सरकतो, रुग्ण येत राहतात आणि शेवटी खर्च व सेवेची गुणवत्ता दोन्ही मोजली जातात. प्रत्येक विभागप्रमुख आपला हिशेब चोख ठेवायला जातो. जादा सिस्टर शेजारच्या विभागाला द्यायची नाही, खाट रिकामी झाली तरी लगेच कळवायचे नाही, अशी वृत्ती आपोआप तयार होते आणि तातडीच्या विभागात माणसे ताटकळतात. ज्या गटांना लवकर उमगते की चारही चौकोन मिळून एकच रुग्णालय आहे, त्यांचा दिवस बरा जातो.

अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयाचा हा पट जसाच्या तसा इथे आणून उपयोग नाही. वडूजच्या भिंती वेगळ्या आहेत. ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि तालुका आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. 108 ची सेवा, जी 2014 पासून राज्यात सुरू आहे, ती तिसऱ्याच नियंत्रणाखाली. तिघेही एकाच खटाव तालुक्याच्या माणसांसाठी राबतात, पण त्यांचे अहवाल तीन वेगळ्या वाटांनी वर जातात. त्यात येरळाकाठच्या या गावापासून सातारा साधारण 50 किलोमीटर आणि कराडही जवळपास तेवढेच, तर मायणीकडच्या माणसाला विटा आणि पुढे सांगली-मिरज सोयीचे. म्हणजे रुग्ण ‘वर पाठवणे’ हा निर्णय इथे एकच एक नाही. तो कुठे, कशातून, कधी, आणि मागे काय उरते, असा चौपदरी आहे.

तो चौपदरीपणा पटावर कसा दिसतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. साहित्य फारसे लागत नाही. मोठ्या पुठ्ठ्यावर तालुक्याचा कच्चा नकाशा काढायचा, मधोमध ग्रामीण रुग्णालयाच्या सरकारी साच्याप्रमाणे 30 चौकोन, कडेला केंद्रांचे छोटे गट. चिंचोके म्हणजे रुग्ण, आणि कुंकवाचे बोट लावलेला चिंचोका म्हणजे गंभीर. एक फासा दर तासाला किती रुग्ण आले ते ठरवतो. गाडीसाठी काड्यापेटी, आणि तिच्यासोबत एक कडक नियम: साताऱ्याला गेलेली काड्यापेटी तीन फेऱ्या पटावर येणार नाही, कारण जाणे, तिथे रुग्ण सोपवणे आणि परतणे यात साधारण तेवढा वेळ मोडतो. आता रात्रीचे आठ वाजलेत. प्रसूतिकक्षात एक बाई आहे, प्रगती मंद आहे, पण अजून धोका नाही. पाठवावे का? बहुतेक जण ‘अजून थोडे बघू’ म्हणतात आणि त्या एका बाईपुरते ते बरोबरही असू शकते. नऊच्या फेरीत कलेढोणकडून अपघाताचा रुग्ण येतो आणि काड्यापेटी त्याला घेऊन जाते. दहाला बाईच्या चिंचोक्याला कुंकू लागते. पटावर गाडी नाही. कोणाही एकाने चूक केलेली नाही, आणि तरी ती बाई अडकली आहे. आठ वाजताचा प्रश्न खरे तर ‘हिला धोका आहे का’ एवढाच नव्हता. ‘पुढचे तीन तास तालुक्यात गाडी उरणार आहे का, नसेल तर दहिवडीची किंवा कराडची कोणाला सांगून ठेवायची’ हाही होता. पहिला प्रश्न विचारायला वैद्यकीय महाविद्यालय शिकवते. दुसरा विचारायची सवय अशा फेरीत, टेबलाशी बसून लागते, आणि एकदा लागली की खऱ्या रात्री आठ वाजता फोन उचलला जातो.

बाह्यरुग्ण विभागाचेही तसेच. रांगेचे गणित डोळ्यांना फसवणारे असते. एकच डॉक्टर, रुग्णामागे सरासरी 3 मिनिटे, रुग्णांचे येणे आणि तपासणीचा वेळ दोन्ही अनियमित, असे धरले तर डॉक्टरचा 80 टक्के वेळ भरलेला असताना रुग्णाला सरासरी 12 मिनिटे थांबावे लागते. 90 टक्के भरला की 27 मिनिटे, 95 टक्के भरला की 57. काम थोडेसेच वाढले, थांबणे जवळजवळ पाचपट झाले. आपल्याकडे मात्र पूर्ण भरलेला वॉर्ड आणि श्वास घ्यायला फुरसत नसलेला डॉक्टर ही कार्यक्षमतेची खूण मानली जाते. ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी 1952 मध्येच, संगणकाशिवाय, कागदावर यादृच्छिक आकडे मांडून बाह्यरुग्ण विभागाच्या रांगांचे असे नकली दिवस घडवले आणि वेळा कशा द्याव्यात ते दाखवून दिले. सकाळच्या एसटीने सगळे एकदम येतात, हे वडूजचे वास्तव त्या पद्धतीने मांडायला आजही कागद-पेन्सिल पुरते. केसपेपरची खिडकी अर्धा तास आधी उघडली तर काय होते, मधुमेह-रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णांना दुपारची वेळ दिली तर काय होते, हे खऱ्या माणसांना उन्हात उभे न करता आधी बघता येते.

या सगळ्यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप मी कमी लेखत नाही. आक्षेप असा: ग्रामीण रुग्णालयांचा रोग निर्णयांचा नाही, रिक्त पदांचा आणि रिकाम्या कपाटांचा आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, भूलतज्ज्ञ नाही, अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांना निर्णय शिकवायला बसवणे म्हणजे सरकारचे अपयश त्यांच्या माथी मारणे. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत निम्मी नवजात बालके होती. तेव्हा औषधे, मनुष्यबळ आणि लांबून शेवटच्या क्षणी पाठवलेले रुग्ण या तिन्हींवर राज्यभर चर्चा झाली. त्यातला कोणताही प्रश्न पटावर सुटणार नाही, हे मान्यच. पण हा आक्षेप पटाकडे एकाच बाजूने बघतो. तोच दिवस, तेच फासे, एकदा मंजूर पदे भरलेली धरून आणि एकदा आज प्रत्यक्ष आहेत तेवढ्याच माणसांवर खेळून बघा. दोन खेळांत अडकलेल्या चिंचोक्यांचा जो फरक निघतो, तो रिक्त पदाची किंमत आहे. ‘पदे भरावीत’ असे वर्षानुवर्षे लिहिले जाणारे वाक्य फाइलीत विरून जाते. भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या जागेपायी गाडी किती तास तालुक्याबाहेर राहते आणि त्या तासांत किती जण ताटकळतात, असा हिशेब मांडलेले पत्र टाळणे अवघड असते. सरावाचा सूर ‘आहे त्यात भागवा’ असा लागला तर मात्र आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. तो सूर लावणाऱ्या प्रशिक्षणाला मीही विरोधच करीन.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो सिस्टर मंडळींकडून जास्त येतो: माणसांचे चिंचोके करायचे का? ही कुचंबणा मला खरी वाटते. पण समोर खाटेवर असलेल्या रुग्णाकडे आपले लक्ष आपोआप जाते; जो अजून आलेला नाही, वाटेत आहे, किंवा गाडी नाही म्हणून घरीच थांबला आहे, त्याला बघायला डोळ्यांना काहीतरी लागतेच. कारभारात हा न दिसणारा माणूसच नेहमी मागे पडतो. नर्सिंगमध्ये तर पुतळ्यावर सराव करणे आता सर्वमान्य आहे; प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची रंगीत तालीम करताना पुतळ्याचा अपमान झाला असे कोणाला वाटत नाही. उलट तालीम झालेली नाही हीच धास्ती वाटते. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या नवजात कक्षातल्या आगीत दहा बाळे गेली, त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती होऊन 22 रुग्ण दगावले. त्यानंतर ठिकठिकाणी विजेची आणि आगीची तपासणी सुरू झाली, ती आवश्यकच होती. पण यंत्रे तपासली म्हणजे ‘दाब पडला तर पहिल्या दोन मिनिटांत कोणी कुठे धावायचे’ हे तपासले गेले असे होत नाही. तो भाग माणसांचा आहे.

तिसरी शंका अशी की माणसे खेळ जिंकायला शिकतात, कारभार करायला नाही. हा धोका आहे, आणि तो टळतो तो खेळानंतरच्या बोलण्याने. तासाभराच्या खेळाला निदान तेवढीच चर्चा हवी. ती काटली तर करमणूक झाली असे समजावे. आपल्याकडे चर्चेच्या आड येतो तो हुद्दा. साहेब टेबलाशी असले की बाकीचे त्यांच्या मनातले उत्तर शोधू लागतात. कपाटात खरोखर काय आहे हे फार्मासिस्टला ठाऊक असते, गाडी कुठल्या रस्त्याने किती वेळात जाते हे चालकाला, आणि कोणता रुग्ण रात्री बिघडणार याचा अंदाज वॉर्डातल्या सिस्टरला. म्हणून पहिल्या फेरीला भूमिका अदलाबदल करून बसवाव्यात: अधीक्षकांनी औषध भांडार घ्यावे, चालकाने नियंत्रण कक्ष, सिस्टरने अधीक्षकपद. वरिष्ठांना हे सुरुवातीला जड जाते. पण ‘इंडेंट वेळेत का टाकला नाही’ असे विचारणारा माणूस स्वतः तीन फेऱ्या इंडेंटची वाट बघत बसला की त्याचा प्रश्नच बदलतो. गुण मात्र कोणाला देऊ नयेत, आणि सरावात काय झाले ते गोपनीय अहवालापर्यंत जाणार नाही एवढा शब्द आधी द्यावा. तो शब्द मोडला तर पुढच्या वेळी सगळे सावधपणे खेळतील आणि कोणी काही शिकणार नाही.

राहिला वेळेचा मुद्दा. ओपीडी सोडून कोण येणार, हा प्रश्न रास्त आहे. पण तालुक्याची मासिक सभा होतेच, आणि तिचा मोठा भाग आधीच लेखी पाठवलेले आकडे मोठ्याने वाचण्यात जातो. वर्षातल्या दोन सभांचा उत्तरार्ध यासाठी मिळाला तरी पुष्कळ. पहिला सराव मेच्या अखेरीस, सर्पदंश आणि जुलाबांचा हंगाम सुरू होण्याआधी आणि मागणीपत्र दुरुस्त करायला वेळ हातात असताना. दुसरा नोव्हेंबरमध्ये, यात्रांच्या आधी, पोलीस आणि एसटीच्या आगारातल्या माणसांना सोबत घेऊन. लागणारे आकडे बाहेरून आणायचे नाहीत. गेल्या वर्षीची आंतररुग्ण नोंदवही, रुग्ण वर पाठवल्याची नोंद, गाडीचे लॉगबुक आणि एएसव्हीचा साठा, एवढी चार पुस्तके टेबलावर असली की फाशावर कोणते आकडे घालायचे ते ठरवता येते. ती पुस्तके आज तीन वेगळ्या कार्यालयांत आहेत. त्यामुळे पहिले पत्र तालुका आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधीक्षक या दोघांच्या सहीने निघावे लागेल.